रामेश्वरचे दोन टॉमकॅट

दुष्काळाच्या त्या वर्षी पुंडलिकनगर टँकरवर जगत होतं. टँकरची नोंदणी वेबसाइटवर व्हायची आणि तिचा सर्व्हर सांभाळणारा आमचा रामेश्वर त्याच वस्तीत राहायचा. त्यामुळे साइट बंद पडली की शेजारणी आधी त्याच्या बायकोला, रत्नमालाला, गाठायच्या.

त्या दिवशी सगळी वस्ती एकदम नोंदणीला धावली आणि टॉमकॅट, म्हणजे जावाचा तो सर्व्हर, मेमरी संपून आडवा झाला. रामेश्वरने सेटिंगच्या फाइलमध्ये मेमरी वाढवून तो पुन्हा सुरू केला. तो पुन्हा आडवा! मेमरी दुप्पट केली, चौपट केली, तरी तेच. रामेश्वरचं डोकं चालेना. वैतागून त्याने फाइलमध्ये मुद्दाम काहीबाही खरडलं. आता तरी सर्व्हरने सुरू व्हायला नकार द्यायला हवा होता. पण तो मजेत सुरू झाला!

म्हणजे ही फाइल तो वाचतच नव्हता. शोधल्यावर कळलं, मशीनवर टॉमकॅट दोन होते. रामेश्वर सकाळपासून जुन्या, कधीच्या निवृत्त झालेल्या टॉमकॅटला खुराक चारत होता.

नव्याला मेमरी दिली, साइट चालू झाली. त्याने अभिमानाने घरी फोन करून सगळं सांगितलं.

“मेंढरं राखलेला माणूस तुम्ही,” रत्नमाला हसली, “अन् आपलं मेंढरू वळखू येईना व्हय?”

“ते राहू दे. नंबर लागला का आपला?”

“लागला, पहिलाच! आता सगळ्याजणी म्हणायल्यात, हिच्या नवऱ्यानं पहिल्या नंबरासाठीच साइट बंद ठेवली होती!”