ओहोटीचा अर्थ

नात मोठ्यानं ‘ओहोटी’चा अर्थ घोकत होती, तेवढ्यात जुईनगरच्या आमच्या सातव्या मजल्यावर बंद खिडकीच्या फटीतून खाडीच्या चिखलाचा वास शिरला. मला माझाच राग आला.

पूर्वी खाडीकाठच्या शाळेत शिकवताना याच वासाला वैतागून मी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि विचारलं होतं, ‘ओहोटी म्हणजे काय?’

कोळीवाड्यातली सुरेखा उठली. ‘बाई, खिडकी उघडा ना. पानी आता उतरलंच हाय.’

‘पुस्तकातला अर्थ सांग!’ मी खेकसले आणि तो तिच्याकडून दहादा लिहून घेतला. खिडकी काही उघडली नाही.

आज मात्र तरातरा उठून उघडली. ‘बघ, ही ओहोटी!’

वहीतून मान वर न करता नात म्हणाली, ‘आजी, बंद कर ना. वास येतोय.’