घंट्यांत कोंबलेली लोकर

मी पोटासाठी आवाज करते. सिनेमात आणि व्हिडिओ गेममध्ये आपल्याला जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं तिथं नसतंच. कुणीतरी नंतर बसून ते भरलेलं असतं. पडद्यावरचा माणूस चिखलातून पळतो तेव्हा पुण्यातल्या एका बंद खोलीत मी भिजवलेल्या पोत्यावर पाय आपटत असते. एका गेममध्ये राक्षसाची हाडं कडाकडा मोडतात आणि पोरं दचकतात. ती हाडं म्हणजे धारूरजवळच्या आमच्या शेतातला वाळलेला कडबा आहे. काकूला हे कौतुकानं सांगायला गेले, तर जनावरांना कडबा पुरेना आणि तू तो राक्षसाला घालतीस, म्हणून तिनं माझी चांगली खरडपट्टी काढली.

त्या वेळी माझ्या हातात जो गेम होता त्यात राक्षस नव्हता. धनगराची एक पोर मेंढरं घेऊन डोंगर उतरते, एवढीच गोष्ट. शेवटच्या भागात धुकं येतं आणि पडदा पांढराफटक होतो. खेळणाऱ्याला काही म्हणता काही दिसत नाही. मेंढरांचा आवाज जिकडून येईल तिकडं चालत राहायचं, चुकलं की दरीत. म्हणजे सगळी भिस्त आवाजावर. कंपनीतल्या मंडळींनी तिथं बाजारात तयार मिळणाऱ्या घंट्या टाकल्या होत्या. त्या कुठल्याशा बर्फाळ देशातल्या गलेलठ्ठ गायींच्या गळ्यातल्या असाव्यात. ऐकून माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी मेंढरं आहेत, त्यांच्या गळ्यात पितळी घंट्या आहेत, खरा आवाज मी आणते, अशी बढाई मारून मी धारूरची वाट धरली.

मेंढरं तात्यांची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, काकूचे यजमान. माझे वडील नोकरीला लागले आणि तात्या मेंढरांमागं राहिले. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही अंधूक झालं, आणि गेलेली नजर आता परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी ते रोज सकाळी मेंढरं घेऊन वर माळावर जायचे, एकटेच. वाट डोंगराच्या अंगानं उतरते. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खाली ओढ्यापर्यंत सरळ कडा. काकू सोबत येते म्हणाली की ते भडकायचे. मला काय लहान लेकरू समजता काय, म्हणायचे. आमचं सगळ्यांचं हातापाया पडून झालं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"डोळे गेले तर जाऊ द्या. घंट्या तर ऐकू येत्यात न्हवं? मेंढरं जिकडं, तिकडं वाट."

यात खोटं काही नव्हतं. पुढं घंट्या वाजत उतरायच्या आणि त्यांच्यामागं तात्या. पण एखाद्या दिवशी पाय घसरला तर, या एका विचारानं काकूचा जीव संध्याकाळपर्यंत टांगणीला लागलेला असायचा. डोंगरावरून घंट्या कानावर आल्या की मगच ती चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

माझं काम काय आहे हे तात्यांनी पहिल्यांदाच नीट बसवून घेऊन विचारलं. माईकला वारा लागू नये म्हणून केसाळ टोपडं घालतात, ते त्यांनी बोटांनी चाचपलं आणि हे कोकरू आजारी दिसतंय म्हणाले. मग मी त्यांना सूचना दिल्या. उद्या मी वाटेच्या वळणावर बसेन, तुम्ही नेहमीच्या वेळेला उतरा, फोन बंद ठेवा, वाटेत कुणी भेटलं तर बोलू नका, मेंढरांना हाळी देऊ नका, मधे दुसरा कसलाही आवाज नको. त्यांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. घंट्यांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. पाणी आण सांगताना ते ओलं असू दे, असं कुणी सांगतं का?

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तशी मी वाटेच्या वळणावर, दरडीला टेकून, माईक लावून बसले. हेडफोन कानाला, रेकॉर्डर चालू. घंट्या फार लांबून येतात आणि मला ते लांबून जवळ येणंच हवं होतं. तात्यांची वेळ झाली, पण घंट्या काही येईनात. ऊन आणखी खाली गेलं. टिटवी ओरडून गेली. मी फोन लावला तर तो बंद, बंद ठेवायला मीच सांगितलेला. कड्याखाली ओढ्याकडं बघायचं धाडस होईना.

मग हेडफोनमध्ये काहीतरी यायला लागलं. आधी वाटलं, माईकच बिघडला. कुणीतरी सुपात हरभरे घोळवतंय असा आवाज होता, अगदी बारीक. तो वाढत गेला, पसरत गेला, सगळी वाट भरून राहिली. ती खुरं होती. मुरूम निसटत होता, गारगोटीवर टकटक होत होती. एखादं मेंढरू शिंकत होतं, कुणी चालता चालता गवताचं पातं ओढून घेत होतं, एक कोकरू धापा टाकत आईच्या मागं पळत होतं. आणि या सगळ्याच्या खाली एक मऊ, सलग घसघस होती. लोकरीला लोकर घासल्याचा तो आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

मी या मेंढरांत वाढलेली. मेंढ्या विताना मी त्यांच्याजवळ बसले आहे, पावसात ती घरात घेतली आहेत. आवाज हाच माझा धंदा. आणि हा आवाज रोज माझ्या कानाशी असून मला कधी ऐकू आला नव्हता, कारण त्याच्यावर कायम घंट्या वाजत होत्या. घरात इतकी वर्षं एक माणूस राहतो आहे आणि आज तो पहिल्यांदा बोलला, तसं मला वाटलं. तोंड उघडं टाकून मी ऐकत राहिले.

तेवढ्यात वळणावरून पुढचा एडका आला. गळ्यात घंटा होती, हलतही होती, पण मुकी. तिच्या तोंडातून पांढऱ्या लोकरीचा झुबका बाहेर आला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं बिरोबाच्या देवळात धनगरी ओव्या चालू असल्या की जवळपासच्या मेंढरांच्या घंट्यांत लोकर कोंबतात. ओवी चालू असताना मधे दुसरं काही वाजू नये, असा रिवाज आहे. पुतणी पुण्याहून यंत्रं घेऊन आली, मधे कसला आवाज नको म्हणाली, तेव्हा देवळातल्या ओवीला देतात तोच मान तात्यांनी माझ्या कामाला दिला होता. माळावर बसून त्यांनी एकेक मेंढरू जवळ ओढलं असणार आणि चाचपत चाचपत सगळ्या घंट्या बंद केल्या असणार. ज्या घंट्यांच्या भरवशावर ते कडा उतरत, त्याच घंट्या.

मला ओरडता येईना. त्या अरुंद वाटेवर मेंढरं बुजली तर एकमेकांवर चढतात, आणि त्या धक्क्यात तात्या गेले असते. मी डोळे मिटले आणि त्या खुरांच्या गर्दीत त्यांना कानानं शोधायला लागले. मग सापडली, त्यांच्या वहाणांची करकर. एक करकर, मग थांबणं, मग काठीची टक, परत थांबणं, मग दुसरी करकर.

ते दिसले तेव्हा कळपाच्या मागं नव्हते, मधे होते. दोन्ही बाजूंनी मेंढरं त्यांच्या गुडघ्यांना घासत चालली होती. कड्याच्या बाजूला लोकर, दरडीच्या बाजूला लोकर, आणि तिच्या मधून तात्या, मान जरा वर करून, पुरातून चालल्यासारखे. मला भीतीही वाटत होती आणि त्याच वेळी इतकं नवल वाटत होतं, की हात जोडावेत असं झालं. ते माझ्या हाताच्या अंतरावरून गेले. बोलू नका सांगितलं होतं म्हणून बोलले नाहीत, नुसते हसले.

खाली सपाटीला लागल्यावर मी रेकॉर्डर बंद केला आणि पळत जाऊन त्यांचा हात धरला. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, आवाज बरा आला का म्हणून.

घरी काकूनं आधण ठेवलेलं नव्हतं. घंट्या वाजल्याच नव्हत्या. अंगणात एकदम मेंढरं शिरली तशी ती दारात आली, तिनं एका घंटेला हात लावला आणि तिला सगळं कळलं. दाभण घेऊन ती अंगणात बसली आणि एकेका घंटेतली लोकर उपसायला लागली.

तात्यांना ऐकायची फार घाई झाली होती. त्यांचा फेटा काढून मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले. आधी ते लहान पोरासारखे हसले. ही ती खोडील मेंढी, हा एडका, असं सांगत सुटले. मग हळूहळू हसू गेलं. ते पुढं वाकून ऐकायला लागले.

"मधी कोन चालायलंय हे?"

तुम्हीच, तात्या, मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसेना. तेवढंच परत लाव म्हणाले. मी लावलं. करकर, थांबणं, काठीची टक, थांबणं. त्यांनी ते आणखी एकदा ऐकलं. आम्ही घरच्या सगळ्यांनी जे घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं, ते त्यांच्या कानात आता त्यांचेच पाय सांगत होते. मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना. त्यांनी हेडफोन काढले, मांडीवर ठेवले आणि काकू ज्या बाजूला बसली होती तिकडं तोंड केलं.

"लई थांबत थांबत चालतोय गं म्हातारा. ह्याला एकट्याला नका धाडत जाऊ."

काकूचं दाभण थांबलं. तिनं पदरानं डोळे पुसले, हातातल्या घंटेतली उरलेली लोकर ओढून काढली आणि ती वाजवून पाहिली. मग चहा ठेवायला आत गेली.

तो आवाज पुढं गेममध्ये गेला, घंट्यांशिवाय. कंपनीतल्या एकानं त्यातली वहाणांची करकर काढून टाक म्हणून सांगितलं. मी काढली नाही. धुक्यात ती ज्याला सापडते, तो दरीत पडत नाही.

त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच वळणावर बसले होते. घंट्या लांबूनच ऐकू आल्या. त्यांच्यामागून वहाणांची करकर आली, न थांबता, आणि तिच्या जोडीनं काकूच्या चपलांची फटफट. काकू सबंध वाट बोलत होती. माझ्या कामाच्या दृष्टीनं ते रेकॉर्डिंग पूर्ण वाया गेलं. ते मी कुणालाच दिलं नाही, माझ्याजवळच ठेवलं आहे.