हलवा आणि हटवा

प्रुफं तपासण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला एका अक्षराने गाठलं, ही गोष्ट मी मुलुंडमध्ये फार कुणाला सांगितलेली नाही.

वेबवर जे आवडेल त्याचा दुवा मी एका अ‍ॅपमध्ये टाकत आलो. फोल्डर वगैरे केले नाहीत. चार हजारांचा एकच ढीग. त्यातच अकरा दुवे सासूबाईंच्या आवाजाचे. त्या जाण्याआधी बायकोच्या भाच्याने त्यांना बोलतं केलं होतं: माशांची नावं, पेज कशी करायची, शेजारणीची निंदा. ते त्याने कुठल्याशा साइटवर चढवलं आणि दुवे मला पाठवले. कुठल्या खात्यातून चढवलं ते आता त्याला आठवत नाही, आणि त्याचे ते जुने मेसेज माझ्याकडे उरलेले नाहीत. अ‍ॅपने या दुव्यांना, इतर शेकडो दुव्यांप्रमाणेच, ‘शीर्षक नाही’ असं नाव दिलं.

मग अ‍ॅपने ‘कळवण्यास आनंद होतो की’ अशी सुरुवात करून कळवलं की फोल्डरबाहेरचे दुवे काही महिन्यांत पुसले जातील. दुवे फोल्डरमध्ये न्यायचे तर एकेक. दुव्यावर क्लिक केलं की मेनू उघडतो: उघडा, हलवा, हटवा. हटवा दाबलं की दुवा जातो, परत विचारत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी हटवा दाबलं.

“कुठला होता?” बायकोने विचारलं.

“शीर्षक नाही.”

“उघडून बघितला नव्हता?”

“नाही.”

ती रागावली की मालवणीत जाते. “आवशीचो आवाज आसा तो. बघून दाबूक काय झालाहा?”

मी कंपनीला लिहिलं. एक, स्क्रिप्ट चालवायची सोय द्या, म्हणजे आज्ञा एकदा लिहिली की चार हजार दुवे आपोआप फोल्डरमध्ये जातील. दोन, हलवा आणि हटवा एकमेकांपासून लांब ठेवा. उत्तर आलं की माझा अभिप्राय त्यांच्या प्रवासाचा भाग आहे. स्क्रिप्टचा विचार चालू आहे. मेनू मात्र खरंच सुधारला. आता तिथे ‘स्थानांतरण’ आणि ‘निष्कासन’ असं लिहिलेलं असतं, अजूनही एकाखाली एक, आणि दोन्हींपुढे खोक्याचं चित्र. एका खोक्याला झाकण आहे.

तेव्हापासून दुपारचा चहा झाला की आम्ही दोघं बसतो. आधी नेलेले दुवेही पुन्हा तपासून झाले. मी दुवा उघडतो, बंद करतो, मेनू काढतो.

“काय आहे?”

“स्थानांतरण.”

“झाकणवालं नाही ना?”

“नाही.”

“दाबा.”

आवाज लागला की ती ऐकून घेते. हाताने खूण करते, म्हणजे मध्येच बंद करायचं नाही. दहा सापडले आहेत. अकरावा उरलेल्यांत असेल, नाहीतर मी हटवला तोच. ढिगात साधारण दोनशे दुवे उरलेत. बसलो तर दोन दुपारींत संपतील.

काल वीस झाले आणि ती उठली. “आज राहू द्या,” म्हणाली. आज पाचच झाले. मुदत जवळ आलीय, हे मी म्हटलं नाही. संगणक बंद केला.