गाळातून निघालेले मागूर

आदिलाबादला जायचं ठरलं ते कुंतला धबधब्यासाठी. माझी मामेबहीण मृणाल तिथलीच. हैदराबादला माशांच्या जनुकांवर संशोधन करते आणि तेव्हा माहेरी आली होती. फोनवर म्हणाली, "धबधबा दाखवते, पण आधी एका तळ्यावर चल." एप्रिलात धबधब्याची नुसती धार उरते, हे मात्र तिनं सांगितलं नाही. तुम्ही पावसाळा संपता संपता जा.

नागपूरहून सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला आदिलाबाद येतं. रस्ता सुरेख. पांढरकवड्याला चहा घ्या. पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगू होतात आणि ताटात पोळीऐवजी भात येतो. मुक्काम मामीकडे, म्हणून खर्च फक्त टोल-पेट्रोलचा.

दुसऱ्या दिवशी नेरडीगोंड्याच्या पुढे हायवे सोडून कापसाच्या एका गावात शिरलो. देवराव आणि कमलबाई या मृणालच्या ओळखीच्या शेतकरी जोडप्यानं तिला फोन केला होता: तळं आटलंय, जेसीबी गाळ काढतोय आणि गाळातून मागूर मासे निघतायत.

तळ्यात पाण्याचा थेंब नव्हता. जेसीबीनं खोलवरचं एक ढेकूळ टाकलं, ते फुटलं आणि त्यातून वीतभर काळा मासा बाहेर पडला. मिशा चिखलानं माखलेल्या. मला वाटलं, मेलेला असेल. तो वळवळला, कल्ल्यांपाशी असलेल्या काट्यांवर अंग रेटलं आणि कोपरांवर सरकणाऱ्या बाळासारखा माझ्या दिशेनं निघाला. मी चार पावलं मागे सरकले.

"हा हवेत श्वास घेतो," मृणाल म्हणाली. "साध्या माशात असतात त्यातलेच बरेचसे जीन यातही असतात. फरक आहे तो कुठला जीन, कुठे आणि कधी चालू होतो याचा. पाण्यातला मागूर आणि काही तास जमिनीवर काढलेला मागूर, यांत काय बदलतं ते मला बघायचंय."

इतर तळ्यांत बाहेरून आणलेले मागूर मिसळले होते. हे मूळचे इथलेच, दर उन्हाळ्यात असे गाळात तगणारे. आता तळं खोल होणार, म्हणजे आटणंही बंद, आणि असे गाळातले मागूर पुन्हा मिळणार नाहीत.

कमलबाईंनी आदल्या दिवशी सापडलेले सगळे मासे मृणालसाठी घरी ड्रममध्ये ठेवले होते. घट्ट झाकण, वर दगड. घरी गेल्यावर मृणालनं झाकण काढलं. काठोकाठ भरलेल्या पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. एकही जिवंत नव्हता.

कमलबाई बघतच राहिल्या. "काऊन मेले हो? म्या तं काठोकाठ पाणी भरलं होतं. मांजर खाईन म्हणून झाकण लावलं."

"बुडाले, काकू."

"मासा बुडते का कुठी?" देवराव म्हणाले. मीही तेच विचारणार होते.

मृणालनं एक मासा उचलून कल्ल्याची झाकणी उघडली. आत लालसर, फांद्या फुटलेला तुरा होता. "हा हवेसाठी. वर येऊन घोट घेता आला नाही, तर पाण्यातही जीव जातो."

कमलबाई तिथंच खाली बसल्या. "म्हणजे म्याच मारले."

"तुम्ही नाही. वर हवा ठेवा, हे मीच सांगायला हवं होतं."

त्या उठल्या, फावडं घेतलं आणि थेट तळ्याकडे निघाल्या. जेसीबीवाला हिंदीत म्हणाला, शाम तक काम पूरा करना है. त्या त्याच्या बकेटसमोर खड्ड्यात उतरल्या आणि खणायला लागल्या. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं आणि जेवायला गेला. आम्हीही खणलं. ऊन उतरेपर्यंत चार-पाच जिवंत मासे हाती लागले. टबात दोन बोटं पाणी, वर ओलं पोतं. मग बांधावर बसून ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला. इतकी चविष्ट भाकर मी अलीकडे खाल्ली नव्हती.

परतताना गाडीत मी सहज विचारलं, "आता हे तुझ्याकडेच राहणार?"

"काही दिवस. मग कल्ले आणि तो तुरा काढून घ्यावा लागतो."

"म्हणजे मारणार?"

"हो. जिवंत ठेवून ते कळत नाही."

मागे टबात एक मासा वर येऊन घोट घेत होता. तो आवाज ऐकू येत होता. संध्याकाळी वाटेत कुंतला बघितला. फोटो आहेत, आठवत फारसं नाही.

नागपूरला आल्यावर आठवड्याभरात कमलबाईंचा फोन आला. माझा नंबर मामीकडून घेतला होता. "जिते हायेत ना ते?"

खोटं सांगणं सोपं होतं. मृणालनं आदल्याच दिवशी कळवलं होतं की काम झालं. मी ते सांगून टाकलं.

"मंग समजलं का, थो जमिनीवर कसा जगते?"

"अजून नाही. वेळ लागेल."

"समजलं की मलेबी सांगजा. मी खणलं होतं त्याहीले."

मी त्यांचा नंबर मृणालला पाठवला. निकाल हाती आला की पहिला फोन त्यांना करायचा, हे तिनं कबूल केलं आहे.