आमचे भुलीचे डॉक्टर

माणसांना झोपवणारे वक्ते आमच्या खाडीकाठी पैशाला पासरी मिळतात. पण झोपवलेल्या माणसाला जसाच्या तसा परत उठवायची हमी घेणारा माणूस दिघीपासून तळ्यापर्यंत एकच, आमचे भुलीचे डॉक्टर. ऑपरेशन सर्जन करतात, पेढेही त्यांनाच मिळतात. यांचा जीव मात्र पेशंटच्या मेंदूत अडकलेला. मेंदूची झोप मोजणारं यंत्र इथे नाही, म्हणून भूल देताना ते कालवणाची कृती विचारतात. पेशंट चिंचेपाशी अडखळला की मेंदू निजला. उठवताना तिथूनच पुढे विचारायचं. एका गृहस्थांनी डोळे उघडताच "मीठ ऱ्हायलं" म्हटलं, तेव्हा डॉक्टर त्यांच्या बायकोसमोर अक्षरशः नाचले. "उपाशी आहात ना?" असं ते कधीच विचारत नाहीत, कारण आमच्याकडे पेज हे खाणं नव्हेच. ते विचारतात, "पेज किती प्यालात?" "थोडीशीच, डाक्टर," असं उत्तर आलं की ऑपरेशन दुपारवर.

गेल्या वर्षी माझ्या आईचा खुबा मोडला. ऑपरेशन झकास झालं, पण शुद्धीवर आलेली आई मला ओळखेना. "ह्यो कोन मानूस? ह्याला भायेर काढा!" म्हणत सलाईन उपटायची. सिस्टर तिचे हात बांधायला निघाली, तर डॉक्टर खेकसले, "म्हातारा मेंदू उशिरा घरी येतो. बांधून ठेवलात तर कसा येईल?" माझी आई मला परत मिळेल का, या विचाराने माझं धाबं दणाणलं होतं. डॉक्टरांनी तिचा चष्मा मागवला, पलंग खिडकीशी ओढला आणि दुसऱ्या सकाळी चक्क ट्रेमधून ओले बोंबील घेऊन आले. अख्ख्या वॉर्डाने नाकाला पदर लावले. डॉक्टर एकेक बोंबील शेपटीला धरून सलाईनच्या स्टँडवर टांगायला लागले.

आईचा जन्म बोंबील वाळवण्यात गेलेला. तिला तो अडाणीपणा बघवेना. तिने दोन बोंबील हिसकावले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला, जोडी स्टँडवर टांगली आणि माझ्यावर ओरडली, "बघत काय ऱ्हायलास, दाम्या? दोरी आन!"

मी ढसाढसा रडलो. पाहतो तर डॉक्टरही डोळे पुसत होते.

"माझ्या आईचंही असंच झालं होतं," ते म्हणाले. "ती शेवटपर्यंत मला पोस्टमन समजायची. रोज विचारायची, माझ्या लेकाचं पत्र आलं का?"

"मग?"

"मग काय, रोज सांगायचो. आलंय म्हणून. सुखरूप आहे म्हणून."