टोकियोतला गुरुवार, दहा ते एक

नवऱ्यानं एक्सेलमध्ये सहलीचा तक्ता केला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस पुण्याची तिकिटंसुद्धा डिसेंबर उजाडल्यावर काढतो, तीही मी चार वेळा ओरडल्यावर. लग्नानंतर फिरायला गेलो तेव्हा हॉटेल तिथं पोचून शोधलं होतं, हातात बॅगा घेऊन. आणि आता हॉलंडातल्या झूटरमेरच्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून मला दाखवत होता, ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत जपान. शाळा एक दिवस जास्त बुडवली तर इथं दंड बसतो, म्हणून दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस. आधी ओसाका, एक दिवस क्योटो, मग टोकियो. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. कुठल्या स्टेशनाच्या कुठल्या दारानं बाहेर पडायचं, तेसुद्धा लिहिलेलं.

"जपानच का?" मी विचारलं.

"अगं, सगळे जातात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे... लोक."

मी तक्ता खालपर्यंत बघितला. टोकियोतला गुरुवार, दहा ते एक. माझ्या आणि लेकीच्या रकान्यात 'म्युझियम, डायनोसॉर' असं हिरव्यात लिहिलेलं. त्याच्या रकान्यात काहीच नाही. अख्ख्या तक्त्यात तेवढाच एक चौकोन कोरा.

"इथं काय आहे?"

"काही नाही. कॅमेऱ्याची दुकानं बघीन म्हणतो."

आमच्याकडे कॅमेरा नाही. सगळे फोटो फोनवर. पाणी कुठंतरी मुरत होतं, नक्की.

प्रामाणिकपणे सांगते, पहिल्यांदा मला दुसऱ्याच गोष्टीचा संशय आला. कोणती ते बायकांना सांगायला नको. दोन दिवस मी त्याच्या फोनकडे तिरक्या नजरेनं बघितलं. मग माझं मलाच हसू आलं. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो टोकियोत बाई ठेवून तिला भेटायला आम्हा दोघींना घेऊन जाणार? छे. पण मग दुसरा विचार आला आणि हसू पळालं. हा नोकरी बघायला चाललाय. सहलीच्या नावाखाली आम्हाला जागा दाखवायला नेतोय, आणि आवडली की म्हणणार, चला, भरा सामान.

कारण असं एकदा झालेलं होतं. सात वर्षांपूर्वी एका दुपारी ऑफिसातून फोन आला होता, "कंपनी हॉलंडला पाठवतेय, तीन आठवड्यांत निघायचंय." मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते. ती सोडली, दोन वर्षांची पोर कडेवर घेतली आणि आले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पहिली दोन वर्षं मी खिडकीशी बसून समोरच्या ट्राम मोजल्या. कोणी विचारलं काय करता, की सांगायचं, मी डिपेंडंट. तिसऱ्या वर्षी रागानंच लायब्ररीतल्या डचच्या वर्गाला गेले. परीक्षा दिल्या, एकदा नापास झाले, परत दिल्या. आता मी हाउसआर्ट्सच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन घेते. सकाळी आठला अर्धं गाव खोकत असतं आणि मी त्यांना डचमध्ये सांगते, तीन दिवस पॅरासिटामॉल घ्या, नाही बरं वाटलं तर परत फोन करा. जपानच्या सहलीआधीच्या उन्हाळ्यात माझी नोकरी कायम झाली. त्याच्या आधी दोन महिने, डचच्या परीक्षांच्या जोरावर, इथं राहण्याचा कायमचा परवाना आला होता, माझ्या नावावर, नवऱ्याच्या नोकरीशी काडीचा संबंध नसलेला. ते कार्ड मी तीन दिवस पर्समधून काढून काढून बघत होते. आणि आता कोणीतरी मला परत शून्यापासून जपानी शिकायला लावणार होतं.

मग सरळ विचारलं का नाही? कारण मी त्याला ओळखते. हा बोलतो तेव्हा ठरवून झालेलं असतं. मी विचारायचं आणि त्यानं सांगायचं, म्हणजे विषय संपलाच. त्यापेक्षा मूग गिळून गप्प बसलेलं बरं, असं मला वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी कपाटाच्या तळाशी हात घातला. तिथं ब्लँकेटांखाली आमची फाइल असते. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक घरात ती असते: जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, डिग्र्या, सगळ्यांवर मंत्रालयापासून दिल्लीपर्यंतचे शिक्के. घराला आग लागली तर आधी पोर उचलायची आणि मग ती. फाइल जागेवर नव्हती. आणि नवऱ्याच्या बॅगेत ड्रायक्लीनरच्या प्लास्टिकमध्ये एक पांढरा शर्ट होता. सुट्टीला चाललेला माणूस, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट!

ओसाकातली हॉटेलची खोली एवढी अरुंद की तीन बॅगा एका वेळी उघडता येत नव्हत्या. तो अंघोळीला गेला तेव्हा मी लॅपटॉपची पिशवी उघडली. फाइल तिथंच होती. वरच लग्नाचा दाखला, त्याखाली माझ्या आणि लेकीच्या जन्माचे दाखले, मग त्याची डिग्री. माझं डच परीक्षेचं सर्टिफिकेट तेवढं नव्हतं. ते घरी काढून ठेवलं होतं. जपानमध्ये त्याला कोण विचारतं, बरोबरच आहे. मी फाइल जशीच्या तशी ठेवली आणि पलंगावर येऊन बसले.

त्यानंतर मी प्रत्येक गोष्टीकडे संशयानं बघायला लागले. त्यांचं ते कोबीचं जाड धिरडं मागवलं, आम्ही अंडं खातो, मासे नाही, असं तीनदा हातवारे करून सांगितलं, तर वर काहीतरी पातळ पापुद्रे घातलेले आणि ते वाफेनं हलताहेत. "जिवंत आहे का काय हे?" मी किंचाळले. वाळवलेला मासाच होता. लेकीनं सगळे पापुद्रे आनंदानं खाल्ले. तिथून निघालो तर मागून वेटर धावत आला, काहीतरी ओरडत. मला वाटलं, आपण बिलात चुकलो, आता पोलीस. मी लेकीचा हात धरून भराभर चालायला लागले. तो बिचारा सिग्नलपर्यंत आमच्यामागे पळाला आणि दोन्ही हातांनी वाकून माझी छत्री दिली. नवरा लगेच म्हणाला, "बघ, किती प्रामाणिक लोक आहेत. असल्या देशात राहायला काय हरकत आहे?"

"राहायला?" मी म्हटलं.

"म्हणजे आपलं, फिरायला."

ताकाला जाऊन भांडं लपवायची सवयच त्याची. सुपरमार्केटमध्ये तो तांदळाचे भाव बघायचा, आणि मेथी मिळते का म्हणून भाजीच्या फळ्या शोधायचा. नऊ दिवसांच्या सहलीला कोण मेथी शोधतं? एका गल्लीत भाड्याच्या घरांचे नकाशे काचेवर चिकटवलेले होते, तिथं तो पाच मिनिटं उभा.

"घर बघतोयस?"

"नाही गं. नकाशे किती छान काढलेत बघ."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला मजा येत होती. ओसाकात कालव्याच्या कडेनं दिव्यांच्या पाट्या पाण्यात हलत होत्या आणि लेक प्रत्येक पाटीसमोर नाचत होती. क्योटोत पाऊस आला, आम्ही एका देवळाच्या पायरीवर तासभर नुसते बसलो. कोणी हटकलं नाही. टोकियोत मोठ्या दुकानाच्या तळघरात मिठायांची इतकी सुंदर मांडणी होती की मी दोन मजले परत परत फिरले. गाडीत माणसं खच्चून, पण आवाज नाही. मला आवडलं ते सगळं. आवडलं की पाठोपाठ राग यायचा, कारण त्याला तेच हवं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा आणि मी हसू गिळून म्हणायचे, "ठीक आहे. गर्दी फार आहे."

गुरुवारी सकाळी त्यानं पांढरा शर्ट घातला.

"कॅमेऱ्याच्या दुकानात काय मुलाखत घेतात का?" मी विचारलं.

"अगं, बाकीचे धुवायला आलेत," असं म्हणून तो गेला. बरोबर लॅपटॉपची पिशवी.

मी लेकीला घेऊन उएनोच्या म्युझियममध्ये गेले. ती डायनोसॉरच्या पायाशी बसून चित्र काढत होती. मी मराठीत काही विचारलं की ती डचमध्ये उत्तर देते, नेहमीचंच आहे. काढता काढता ती डचमध्ये म्हणाली, "इथल्या शाळेत सगळ्यांना पिवळी टोपी असते. बाबानं विचारलं, मला चालेल का."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आई कुठं काम करणार? बाबा म्हणाला, तुला सांगू नको."

नऊ वर्षांची पोर, तिला माहीत, आणि मला नाही!

एक वाजता म्युझियमच्या खाली तळ्यापाशी भेटायचं ठरलं होतं. तो वेळेवर आला, कॉलरचं बटण उघडलेलं, चेहरा उतरलेला. लेक कठड्याशी कासवं बघायला पळाली. तो बाकावर बसायच्या आत मी म्हटलं, "फाइल कुठाय?"

तो बसला. "बॅगेत."

"मला कधी सांगणार होतास? सामान भरताना?"

"अगं, ऐक..."

"लेकीला सांगतोस. मला नाही. मी कोण आहे?"

मग त्यानं सांगितलं. त्याचा हेगमधला विभाग जानेवारीत बंद होणार होता, काम सगळं पुण्याला जाणार. त्याचा परवाना नोकरीवर. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. ऑगस्टपासून त्याला माहीत होतं. पंधरा ठिकाणी अर्ज केले, निम्म्यांनी विचारलं डच येतं का. ते त्याला येत नव्हतं. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात म्हणून त्यानं परीक्षा दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलली होती. टोकियोच्या शाखेत जागा होती. आज त्यांनी जवळजवळ हो म्हटलं होतं.

"तू काय सांगितलंस?"

"बायकोला विचारून सांगतो म्हटलं."

यावर माझा आजही विश्वास नाही.

"मी येणार नाही," मी म्हणाले. इतके दिवस मनात घोकलेली मोठी मोठी वाक्यं होती, त्यातलं एवढंच बाहेर आलं. "तुला जायचं तर जा. मी आणि ती तिकडेच राहू. माझा परवाना माझा आहे."

"माहितेय मला. तेच तर."

"काय तेच तर?"

तो तळ्याकडे बघत हळूच म्हणाला, "अजून एक रस्ता आहे. चौकशी केली मी. तुझा परवाना कायमचा, नोकरी कायमची. तुझ्या कागदांवर नवरा राहू शकतो."

मला कळायला क्षणभर लागला. हे एक वाक्य आपल्या स्वयंपाकघरात बोलायला लागू नये, म्हणून हा माणूस आम्हाला घेऊन जगाच्या दुसऱ्या टोकाला आला होता!

माझा असा भडका उडाला. "मी होते ना सात वर्षं तुझ्या कागदांवर? मला काय कमीपणा आला?"

"आला होता," तो म्हणाला. "मला दिसत होतं."

त्याला दिसत होतं. मी खिडकीशी बसलेली, कोणाच्या घरी गेलो की मी पटकन उठून स्वयंपाकघरात जायचे, फॉर्मवरची व्यवसायाची रेघ मी रिकामी सोडायचे, सगळं त्याला दिसत होतं. दिसत असून तो कधी एक शब्द बोलला नव्हता. मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या पांढऱ्या शर्टाची ती चुरगळलेली कॉलर बघून इतकं वाईट वाटलं, की दोन्हीचं काय करावं समजेना.

"आता विचार," मी म्हटलं.

"काय?"

"जे विचारायचंय ते. मला. सरळ."

"मी राहू का तुझ्या परवान्यावर?"

"डचमध्ये."

"काय गं..."

"डचमध्ये विचार. तिथं राहायचंय ना?"

त्यानं घसा साफ केला. कान लाल झाले होते. मग एक एक शब्द जुळवत, चुकीच्या घशातून चुकीचा ख काढत म्हणाला, "माख इक ब्लाय्वन?" राहू का मी?

कठड्याशी लेक वळली आणि खदखदून हसली. बाबाच्या तोंडून डच तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं. तो मात्र हसला नाही. उत्तराची वाट बघत माझ्याकडे बघत होता, आणि त्याला खरोखरच माहीत नव्हतं मी काय म्हणणार.

"या," म्हणाले मी, डचमध्येच, म्हणजे हो. "राहा."