थोरलीच्या छपरावरचा पत्रा

आमच्या कुंपणाआत दोन घरं आहेत. फाटकातून शिरलं की अगदी समोर थोरलीचं, आणि त्याच्या बाजूला, जरा खाली, माझं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पण घरांच्या जागा त्याने आखून दिल्या त्याच आहेत.

थोरली म्हणजे माझी थोरली सवत, तुरफेना. गाव तिला अजून ओलुओचची आई म्हणतं. ओलुओच तर केव्हाच गेला. तिला पाच लेकरं झाली, त्यातली चार तिने याच अंगणात पुरली. उरली एक रोझलिदा, ती तिकडे बुसियाला दिली आहे. इतकं सोसलेली बाई, पण तिचं हसणं ऐकावं. नदीवर हसली की पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू यायचं, आणि गिरणीवाला म्हणायचा, "तुरफेनाचं धुणं झालं वाटतं."

मी या घरी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सवतीशी कसं वागायचं ते आईने चांगलं पढवून पाठवलं होतं, मी कंबर कसूनच आले होते. तुरफेनाने दारात मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "एवढीशी? हिला आधी जेवायला घालावं लागेल." आणि खरंच घातलं. माझं माहेर गेम नावाच्या भागातलं, म्हणून ती मला गेमकरीण म्हणायची. माझं नाव तिने कधी तोंडात घेतलं नाही. माझी क्विंटर झाली तेव्हा मी तापाने दीड महिना बेशुद्धासारखी पडून होते. तेव्हा तुरफेनाच्या अंगावर तिचं शेवटचं लेकरू होतं. तिने एका बाजूला त्याला आणि एका बाजूला क्विंटरला घेतलं. ते लेकरू पुढे गेलं. क्विंटर वाढली.

हे सगळं मला ठाऊक होतं. विसरले होते अशी सबब मला सांगता येणार नाही.

पण दुसरीही एक गोष्ट आहे. आमच्यात थोरलीच्या आधी धाकटीने काही करायचं नसतं. पहिलं बी थोरलीने टाकायचं, मग मी. पहिलं कणीस तिने मोडायचं, नवा दाणा तिच्या चुलीवर आधी शिजायचा. छप्पर शाकारायचं तर आधी तिचं. उलटं केलं तर दोष लागतो, माणसं वाळत जातात, लेकरं टिकत नाहीत. त्यात तुरफेनाचा काय अपराध? काही नाही. ती तर पहिलं बी टाकायची आणि लगेच मागे वळून ओरडायची, "चल गं गेमकरीण, झोपलीस का?" तरी सव्वीस वर्षं दुसरं असणं आतून खात राहतं. निदान मला खात होतं. माझा स्वभावच तसा, जळका.

दोन वर्षांपूर्वी पैसेवाले, म्हणजे गरिबांना मदत वाटणाऱ्या संस्थेचे लोक, गावात आले. ज्याच्या घरावर गवत, त्याला फोनवर पैसे पाठवणार. परत करायचे नाहीत, बदल्यात काम करायचं नाही. गाव आधी हसलं आणि मग घाबरलं. सख्खा भाऊ भावाला मीठ देत नाही, मग हे कोण लागून गेले? दोन दिवसांत विहिरीवर कुजबुज सुरू झाली की हा सैतानाचा पैसा आहे. घ्या आणि बघा, वर्षाच्या आत घरातलं एक लेकरू घेऊन जातात. ही बातमी तुरफेनाला मीच सांगितली. तेव्हा माझाही विश्वास होता, देवाशपथ.

पैसेवाल्यांकडची लॅव्हेंडर नावाची मुलगी आमच्या फाटकात आली तेव्हा तुरफेनाने तिला स्टूल दिलं, पेज दिली आणि सांगितलं, "पोरी, माझ्याकडे देण्यासारखं आता एकच उरलंय. ते मी पैशासाठी देणार नाही. आमच्या दोन्ही घरांना नको. पेज संपव आणि जा."

लॅव्हेंडर म्हणाली, "मी आठवडाभर आहे गावात. विचार बदलला तर सांगा."

त्या गुरुवारी मी बाजारात गेले. तिथे पलीकडच्या गावची सिप्रोसा सुकी मासळी विकायला बसते. त्यांच्याकडे हे पैसेवाले आधीच येऊन गेले होते. मी तिला हळूच विचारलं, तशी ती एवढी हसली की मासळीवरच्या माश्या उडाल्या. "दीड वर्ष झालं बाई! आमच्या गावात मेला तो फक्त माझा बोकड, आणि त्यालाही मीच खाल्लं." तिच्या घरावर नवा पत्रा होता. तिची सवत, जावा, सगळ्यांच्या घरांवर होता.

घरी आले तर तुरफेना उंबऱ्यात शेंगा सोलत बसलेली. "काय गं, बाजारात काय म्हणतात त्या पैशाचं?"

मी टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, "तेच म्हणतात सगळे."

एवढंच बोलले. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत. मला तिचं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त एकदा, एकाच गोष्टीत, तिच्या आधी हात पुढे करायचा होता. तिला मागाहून सांगू, असंही मनात होतं. चोरी करणारा मनाची अशीच समजूत घालतो.

शनिवारी तुरफेना उगुंजाला मयताला गेली, तीन दिवसांसाठी. मी लॅव्हेंडरला बोलावून घेतलं. तिने मला दारात उभं करून घराचा फोटो काढला. मग समोर बोट दाखवून म्हणाली, "त्या आजी? त्यांना पुन्हा एकदा विचारू का? मी मंगळवारपर्यंत आहे."

तुरफेना सोमवारी संध्याकाळी येणार होती.

"नको," मी म्हटलं. "ती नाहीच म्हणेल."

पैसे आले. तुरफेनाला मी सांगितलं, क्विंटरने नैरोबीहून पाठवलेत, घरावर पत्रा घाल म्हणाली. तुरफेनाने टाळ्या वाजवत अंगणात फेर धरला. "बघ! माझ्या दुधाची आहे ती!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पत्रे आणायचे ते आणलेच.

सुतारकाम करतो तो माझा चुलत दीर ओगोला. त्याने शिडी खांद्यावरून उतरवली, दोन्ही घरांकडे पाहिलं आणि शिडी पुन्हा खांद्यावर घेतली.

"वहिनी, थोरलीवर गवत आणि धाकटीवर पत्रा? मला माझी पोरं हवी आहेत अजून."

"अरे, तिची हरकत नाही."

"तिची नसेल, वर गेलेल्यांची असेल. मी नाही चढणार."

तेवढ्यात तुरफेना बाहेर आली. "ओगोला, तुझ्या बायकोने आज जेवायला दिलं नाही वाटतं. शिडी खाली ठेव. थोरलीच्या घरावर आधी पत्रा हवा ना? मग चढव एक माझ्या घरावर. सगळं छप्पर झालं पाहिजे असं कुणी सांगितलंय?"

ओगोलाने डोकं खाजवलं. रीत मोडत नव्हती. त्याने तिच्या खाटेच्या वर, गवत बाजूला सारून, माझ्या ढिगातला एक पत्रा ठोकला. मग माझ्या घराचं पूर्ण छप्पर केलं. उरलेल्या पैशांत तुरफेनाचं अर्धं छप्पर सहज झालं असतं. मी गाय घेतली.

त्या एका पत्र्याचं तिला कोण कौतुक! पाऊस आला की तिच्या घरात एका कोपऱ्यात ताशा वाजायचा आणि बाकी सगळीकडे गळायचं. ती खाटेवर पाय वर घेऊन बसायची आणि मला हाक मारून सांगायची, "गेमकरीण, क्विंटरचा पत्रा बोलतोय बघ." दर रविवारी देवळात उभी राहून क्विंटरचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आणि मी शेजारी डोळे मिटून आमेन म्हणायचे.

पुढच्या वर्षी पैसेवाले पुन्हा आले, आधी नाही म्हटलेल्यांना विचारायला. तोवर गावात कुणाचंच लेकरू गेलं नव्हतं, ते तुरफेनाने डोळ्यांनी पाहिलं होतं. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "मला वाटतं गं, आपण चुकलो." आपण. मी चुलीत फुंकर घालत राहिले.

सकाळी तिने देवळाचा पांढरा रुमाल डोक्याला बांधला आणि फाटकाशी जाऊन बसली. या खेपेला चष्मा लावलेला एक माणूस आला. माझ्या घरावर पत्रे, म्हणून तिकडे त्याने पाहिलंही नाही. तिच्या घराला एक फेरी मारली आणि थांबला.

"आजी, छपरावर पत्रा आहे."

"एकच आहे रे बाळा. बाकी सगळं गवत आहे. आत ये, कुठे कुठे गळतं ते दाखवते."

"गवत असेल तर हो, पत्रा असेल तर नाही. मधलं काही लिहायला इथे जागाच नाही."

"मग काढून टाकते तो!"

"आता मी पाहिला ना, आजी."

मी पाण्याची घागर घेऊन दहा पावलांवर उभी होते. हा पत्रा माझा आहे, तो तिथे का लावला ते मी सांगते, असं म्हणायचं होतं. त्याने ऐकलं असतं की नाही, देव जाणे. पण ते म्हणायचं तर पत्र्याचे पैसे कुठून आले तेही तिच्यासमोर सांगावं लागलं असतं. जीभ रेटली नाही. तो माणूस गेला. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून तुरफेनाच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "रडतेस काय वेडे? माझ्या पोरीच्या पत्र्याखाली झोपते मी. कितीजणींच्या नशिबात आहे ते?"

या फेब्रुवारीत क्विंटर सुट्टीवर आली. संध्याकाळी तुरफेना तिची तांबडी कोंबडी घेऊन आली. रोज अंडं देणारी, तिच्याकडची एकुलती एक.

"घे बाळ. त्या पत्र्यासाठी. उशीर झाला द्यायला."

"कसला पत्रा, मोठ्या आई?"

"बघा! शहरात राहून विसरली. अगं, तू पाठवलेला."

क्विंटर माझ्याकडे वळली. "मी? आई, माझ्याच खोलीला दार धड नाही."

कोंबडी फडफडली. मी तिथेच खाली बसले आणि सगळं सांगितलं. सिप्रोसा, तिचा बोकड, लॅव्हेंडरचा मंगळवार, गाय. काही गाळलं नाही. माझं संपल्यावर तुरफेनाने एवढंच विचारलं, "बाजारातून आलीस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

तिने कोंबडी क्विंटरच्या हातात दिली. क्विंटर नको नको म्हणत होती. "दिलेली कोंबडी परत न्यायची नसते," तुरफेना म्हणाली आणि आपल्या घरी गेली.

चार दिवसांनी पाऊस लागला. पेरणीच्या सकाळी मी नेहमीसारखी तिच्या मागे बांधावर गेले. ती मक्याच्या बियाण्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा घेऊन उभी होती. मी आले तशी ती बाजूला झाली आणि तुंबा माझ्या हातात दिला.

"आधी तू पेर, नेरिया."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझं नाव घेतलं. "ओलुओचच्या आई, असं नका करू," मी म्हटलं. "मारा मला, शिव्या द्या."

"कशाला? तुला पहिलं व्हायचं होतं. मग हो पहिली." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी गुडघे टेकून तिचे पाय धरले असते.

मी पेरलं नाही. थोरलीच्या आधी मी बी टाकणार नाही, आणि ती आता स्वतःला थोरली मानत नाही. शेजाऱ्यांचा मका गुडघ्याएवढा झाला आहे. आमच्या दोन्ही तुकड्यांत गवत माजलं आहे. रोज सकाळी मी तो तुंबा घेऊन तिच्या दारात जाते. ती दार उघडते, मला बसायला स्टूल देते, परक्या बाईला द्यावं तसं, आणि म्हणते, "आधी तू."